तेल खाणारे जंतू, गोठलेली जमीन आणि आमचा चिखल

अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात खनिज तेलावर जगणारा एक जिवाणू सापडला. नाव ओलिस्पिरा अंटार्क्टिका. २००३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. दोन ते चार अंश सेल्सियसला तो सगळ्यात जोमाने वाढतो. आपल्या खाडीच्या उन्हाळी पाण्यात त्याची वाढच होणार नाही.

पनवेलमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका भाचीने ही गोष्ट आपल्या मामाला मोठ्या उत्साहाने सांगितली. मामाने ती उत्साहाने ऐकली नाही. मामा कोळीवाड्यातला. पनवेलची खाडी, उलव्याकडचं खाजण, उरण आणि घारापुरीचं पाणी हेच त्याचं जग. त्याच्या डोक्यात ७ ऑगस्ट २०१० ही तारीख पक्की बसलेली आहे. त्या दिवशी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली, चित्रा कलली, तिच्यावरचे कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. उरण, घारापुरी, अलिबागच्या बाजूची तिवरं काळी झाली.

दोघेही माझ्या ओळखीचे. त्यांचं बोलणं मी शेजारी बसून ऐकलं. जिथे मला काही सांगावंसं वाटलं तिथे मध्ये बोललो आहे, बाकी शब्द त्यांचे.

भाची : मामा, तेल विषारी आहे हे खरंच. पण जंतूंच्या दृष्टीने ती कार्बन आणि हायड्रोजनची साखळी आहे, ऊर्जेने भरलेली. जंतू साखळीच्या टोकाला प्राणवायूचा एक अणू चिकटवतो. त्याचा आधी अल्कोहोल होतो, मग स्निग्धाम्ल. तिथून पुढे तुझ्या-माझ्या शरीरात तूप पचतं तीच वाट. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

मामा : एवढं सोपं आहे तर दोन हजार दहाला कुठे गेले होते तुझे जंतू? नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर आली होती. होड्या रंगवून तयार, जाळी विणून तयार. बाजारात कोण मासळी घेईना. त्यात तीन दिवसांनी आषाढाची अमावास्या. उधाणाच्या पाण्याने तेल उचललं आणि जिथे भांगाची भरती कधी पोचत नाही त्या तिवरांच्या मुळात नेऊन घातलं. तुझे जंतू सुट्टीवर होते काय?

भाची : इथेच होते. समुद्रात असे जंतू सगळीकडे असतात, फक्त मूठभर असतात. तेल आलं की काही दिवसांत त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनची विहीर फुटली. जुलैच्या मध्यावर ती बंद झाली, म्हणजे आपल्या अपघाताच्या तीनच आठवडे आधी. तिथे हजार मीटरपेक्षा खोल, पाच अंशांच्या आसपासच्या काळोख्या पाण्यात तेल पसरलं होतं. एवढ्या थंडीत काही होणार नाही असं पुष्कळांना वाटत होतं. पण थंडीत रमणारे जंतू तिथे भराभर वाढले आणि त्यांनी तेलाचा मोठा हिस्सा खाल्ला.

मामा : तिथे आधीपासून तेल पाझरत असेल. जंतूंना सवय असेल.

हे त्याने अगदी सहज म्हटलं आणि ते बरोबर आहे. मेक्सिकोच्या आखाताच्या तळातून तेल नैसर्गिकरीत्या झिरपत असतं. पण जिथे असा पाझर नाही तिथेही तेलखाऊ जंतू असतात, याचं एक कारण समुद्रातली सूक्ष्म शेवाळं. त्यातली काही स्वतःच्या शरीरात तेलासारख्या हायड्रोकार्बनच्या साखळ्या बनवतात. ही शेवाळं मरतात आणि जंतू त्यांच्यातलं तेल खातात. हा व्यवहार माणसाने विहिरी खणण्याच्या किती तरी आधीपासून चालू आहे.

भाची : म्हणूनच मी ध्रुवांबद्दल बोलते आहे. आपल्याकडे सगळं गरम, सगळं झटपट. कोण काय करतं ते वेगळं काढता येत नाही. तिथे प्रत्येक अडचण स्पष्ट दिसते. थंडीत तेल घट्ट होतं, पसरत नाही, त्यामुळे जंतूंना त्याचा पृष्ठभाग कमी मिळतो. आपल्याकडे जे विषारी हलके अंश उन्हाने उडून जातात ते तिथे तेलातच राहतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारणपणे जीवरसायनाचा वेग निम्म्यावर येतो. तीस अंशांवरून शून्यावर गेलं की आठवा हिस्सा. पण ओलिस्पिरासारखे जंतू हा हिशेब मोडतात. त्यांच्या पेशीच्या आवरणातली स्निग्धाम्लं अशी असतात की थंडीतही ते आवरण ताठरत नाही. त्यांची विकरं जास्त लवचिक असतात.

मामा : मग झालं की. ध्रुवावर जहाज फुटलं तर तुझा ओलिस्पिरा बघून घेईल.

भाची : असं मी कधी म्हटलं?

मामा : तू नाही म्हणालीस. जहाजवाला म्हणेल. बाय, मी चाळीस वर्षं बघतो आहे. पहिल्यांदा सांगतात, गळणारच नाही. गळलं की सांगतात, थोडंच आहे. मग हेलिकॉप्टरमधून फवारा मारतात, तवंग दिसेनासा होतो, फोटो येतो, संपलं. आता नवं आलं, निसर्गात जंतू आहेत, ते साफ करतात. तुझं शास्त्र खरं असेल, पण ते कोणाच्या तोंडी जाणार याचा विचार कर.

इथे मी मामाच्या बाजूचा आहे. जगात जो युक्तिवाद सगळ्यात स्वस्त पडतो तो आधी वापरला जातो. अंटार्क्टिकाच्या पाण्यात जड इंधनतेल वापरायला आणि वाहून न्यायला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बंदी घातली ती १ ऑगस्ट २०११ पासून. आर्क्टिकमध्ये तशीच बंदी यायला १ जुलै २०२४ उजाडावा लागला, आणि तीही काही जहाजांना २०२९ च्या मध्यापर्यंत सवलत देऊन. हे जड तेल जंतूंना पचायला सगळ्यात अवघड. साध्या सरळ साखळ्या ते आधी फस्त करतात, फांद्या असलेल्या नंतर, वर्तुळाकार संयुगं त्याहून उशिरा, आणि डांबरासारखा जो भाग असतो त्याला जवळजवळ कोणी तोंड लावत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराच्या गोळ्या येतात, त्या म्हणजे खाऊन आणि उडून गेल्यावर मागे राहिलेलं शेष. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांवरचे जंतूही अभ्यासले आहेत. गोळीवर जंतू असतात, तरी गोळी महिनोन् महिने गोळीच राहते.

भाची : मग प्रत्यक्ष काय झालं ते बघू. १९८९ साल घे.

मामा : न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं ते साल.

भाची : हो. त्याच वर्षी अंटार्क्टिकात आपलं मैत्री केंद्र उभं राहिलं. त्याच वर्षी २८ जानेवारीला बाहिया पाराईसो नावाचं अर्जेंटिनाचं जहाज अंटार्क्टिकात पामर या अमेरिकी केंद्राजवळ खडकावर चढलं. सहा लाख लिटरच्या आसपास इंधन सांडलं, बहुतेक डिझेल. खडकाला चिकटून राहणाऱ्या लिंपेट शिंपल्या मेल्या, पक्ष्यांची पिल्लं मेली. पण डिझेल हलकं, लाटा जोरदार, त्यामुळे पाण्यातलं तेल लवकर विरळ झालं. दोन महिन्यांनी, २४ मार्चला, अलास्कात एक्सॉन वाल्डेझ फुटलं. सुमारे ३७ हजार टन कच्चं तेल. तिथे शास्त्रज्ञांनी किनाऱ्यांवर खत टाकलं.

मामा : खत?

भाची : नत्र आणि स्फुरद. तेलात कार्बन भरपूर, पण जंतूला स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं, स्फुरद लागतं, आणि ते तेलात जवळजवळ नसतं. अलास्काच्या स्वच्छ पाण्यातही कमी. खत टाकल्यावर वरच्या गोट्यांवरचं तेल खरंच लवकर कमी झालं.

मामा : आणि खालचं?

भाचीने लगेच उत्तर दिलं नाही. मामाने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

भाची : खालचं राहिलं. वीस वर्षांनंतरही काही किनाऱ्यांवर गोटे उकरले की ताजं वाटावं असं तेल लागत होतं. २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किनाऱ्याचा वरचा थर मोकळा, पाणी खेळतं. खालचा थर घट्ट. तेल त्या खालच्या थरात अडकलेलं आणि तिथे प्राणवायू पोचत नव्हता. थंडी होतीच, पण थंडी हे मुख्य कारण नव्हतं.

मामा : म्हणजे आपल्या चिखलासारखं.

मला वाटतं, या संपूर्ण विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते हेच. भाची ध्रुवाकडे पाहून जे शोधत होती ते मामाच्या पायाखाली होतं. गणित सरळ आहे. एक ग्रॅम तेल पूर्ण पचवायला सुमारे साडेतीन ग्रॅम प्राणवायू लागतो. शून्य अंशाच्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त अकरा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. तीस अंशाच्या पाण्यात सहा मिलिग्रॅम. म्हणजे आपल्याकडे एक लिटर तेल जंतूंकडून पूर्ण पचायचं तर चार-पाच लाख लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपतो. ध्रुवीय पाण्यात ऊब नाही, पण हवा भरपूर. आपल्या खाडीत ऊब भरपूर, पण हवा नाही. उष्ण देशात राहतो म्हणून निसर्ग आपली घाण लवकर पचवेल, हा समज तिवरांच्या चिखलात पाय घालताक्षणी खोटा ठरतो.

मामा : तिवरांत चिखल वरून तपकिरी दिसतो. बोटाच्या पेरापेक्षा कमी. त्याच्या खाली काळा. काठी घातलीस की कुजक्या अंड्यासारखा वास. तिथे तेल गेलं की ते तिथेच. झाडाची श्वासमुळं वर येतात ना काट्यांसारखी, त्यांना तेलाचा लेप बसला की झाड गुदमरतं. पानं गळतात, आणि मग सगळं खाजण भकास.

भाची : तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायू संपला की सल्फेटवर श्वास घेणारे जंतू पुढे येतात. तेही तेल पचवतात, पण फार सावकाश. तिथे खत टाकून काहीच उपयोग नाही. शहरांच्या सांडपाण्याने खाडीत नत्र आधीच उतू जातंय. अंटार्क्टिकाच्या मातीला जे हवं ते आपल्या चिखलात नको तितकं आहे.

मामा : आणि तळोज्याच्या कारखान्यांचं पाणी कासाडी नदीतून येतं ते वेगळं. ते पचवायलाही हवा लागत असेल.

भाची : लागते. तेल यायच्या आधीच खाडीचा प्राणवायू खर्च झालेला असतो.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातली निळी पडलेली कुत्री साऱ्या जगाने चित्रांत पाहिली. कुत्र्यांचा रंग धुऊन निघाला. नदीची गोष्ट तितकी सोपी नाही, आणि तिच्यावर तितके कॅमेरेही नव्हते.

मामा : मग बाहेरून जंतू आणून टाकतात म्हणतात, ते?

भाची : टेरी या संस्थेने ऑइलझॅपर नावाचं मिश्रण बनवलं आहे. तेलखाऊ जंतूंचे निवडक प्रकार, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीवर बसवलेले. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गाळाच्या खड्ड्यांत ते चांगलं चालतं. कारण खड्डा आपल्या ताब्यात असतो. ओलावा, खत, नांगरट, सगळं करता येतं. त्याआधी आनंद मोहन चक्रवर्तींनी अमेरिकेत चार प्लाझ्मिडं एकाच स्यूडोमोनास जंतूत एकत्र आणली. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचं पेटंट मान्य केलं. सजीवावरचं ते गाजलेलं पेटंट. पण तो जंतू उघड्या समुद्रात कधी सोडला गेला नाही.

मामा : अंटार्क्टिकात नेता येईल?

भाची : नाही. १९९१ च्या माद्रिद कराराने परक्या जीवांना तिथे बंदी आहे, त्यात सूक्ष्मजीवांबद्दलही खबरदारी घ्यावी लागते. करार १९९८ पासून अंमलात आहे. तिथे फक्त तिथल्याच जंतूंना मदत करायची. ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्रावर सांडलेल्या इंधनाची माती उकरून तिचे ढीग घातले, खाली अस्तर, वरून झाकण, आत नळ्यांतून हवा, मोजून खत. खतही जपून. जास्त झालं तर मातीतलं थोडंसं पाणी खारट होतं आणि जंतूच सुकतात. उन्हाळ्याचे मोजके आठवडे काम, मग सगळं गोठतं. असं वर्षानुवर्षं.

मामा : म्हणजे उकिरडा चाळायचा. शेणखताचा ढीग वरखाली केला नाही तर आतलं कुजत नाही, तसंच.

भाची : अगदी तसंच, फक्त शून्याखाली.

मामा : मग तिवरांचा चिखल उकरून ढीग घालशील?

भाची : नाही घालता येणार. उकरला तर झाडच गेलं.

मामा : तेच म्हणतो मी. केसीला जमलं कारण माती उचलता येते. मैत्रीवर सांडलं तरी उचलता येईल. आपल्याला उचलता येत नाही. आपल्याकडे एकच इलाज, तेल येऊ द्यायचं नाही.

भाची : सगळीकडे पहिला इलाज तोच आहे, मामा. मैत्रीवर जनित्रं इंधनावर चालतात. जहाजातून बर्फाच्या कड्यावर उतरवलेलं इंधन किनाऱ्यापासून आत, शिर्माकरच्या खडकाळ टेकड्यांपर्यंत वाहून न्यावं लागतं. वास्कोचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हे सगळं सांभाळतं. मैत्रीवर एक पिंप फुटलं तर त्याची खूण आपलं आयुष्य संपलं तरी राहील. सायबेरियात नोरिल्स्कला २९ मे २०२० रोजी टाकी फुटली, २१ हजार टन डिझेल नद्यांत आणि जमिनीत गेलं. कायम गोठलेली जमीन विरघळून टाकीचा आधार खचला असं कंपनीने सांगितलं. ध्रुव गरम होताहेत म्हणून जंतूंचा वेग वाढेल, असं कोणी म्हटलं तर मी त्याला नोरिल्स्क दाखवीन. जंतूंना मिळणाऱ्या दोन अंशांच्या फायद्याआधी टाक्याच कलंडतील.

मामा : हे लिहून ठेव. हे तू माझ्या बाजूने बोललीस.

भाची : मी जंतूंच्या बाजूने बोलते आहे. त्यांच्याकडून काय होतं आणि काय होत नाही ते नीट माहीत असेल, तरच त्यांच्या नावावर कोणी थाप मारू शकणार नाही. तू म्हणतोस, हे शास्त्र जहाजवाल्याच्या तोंडी जाईल. ते अर्धवट राहिलं तर जाईल. अमुक चिखलात, अमुक खोलीवर, वर्षाला इतकंच तेल जिरतं, असा आकडा तुझ्या हातात असेल तर भरपाईच्या सुनावणीत तो तुझ्या कामाचा.

मामा थोडा वेळ गप्प होता. अंटार्क्टिकात अपघात झाल्यास साफसफाईचा खर्च कोणी द्यायचा हे सांगणारं माद्रिद कराराचं परिशिष्ट २००५ साली स्टॉकहोमला ठरलं आणि पुरेशा देशांची मंजुरी न मिळाल्याने वर्षानुवर्षं अंमलाबाहेर राहिलं, हे मी त्याला सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही.

मामा : एक तुला माहीत नसेल. तेल आलं त्या पावसाळ्यात जिथे चिंबोऱ्या मेल्या, निवट्या दिसेनाशा झाल्या, तिथला चिखल अजून काळा. जिथे चिंबोऱ्यांनी परत बिळं केली तिथला चिखल आत हातभर तपकिरी झाला.

भाची : बिळातून भरतीचं पाणी आत जातं. हवा जाते. म्हणजे जंतूंना प्राणवायू चिंबोऱ्या पोचवतात. मामा, हे मोजता येईल. बिळाच्या भिंतीचा चिखल, हातभर लांबचा चिखल, आणि दोन्हीतलं तेल. माझी मुलं करतील.

मामा : कर. पण तुलनेला तेल न लागलेला चिखल लागेल ना तुला? तो कुठून आणणार?

भाची : राजपुरीच्या खाडीतून.

मामा : दिघीला बंदर आहे. जहाजं लागतात.

भाची : मग बाणकोट. सावित्रीचं मुख.

मामा : वर महाडची औद्योगिक वसाहत. पाणी तिकडूनच येतं.

भाचीने वहीत दोन्ही नावं लिहिली आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं. शिर्माकरच्या तळ्यांजवळची माती तुलनेला मिळू शकते, कारण तिथे माणूस पोचून अर्धशतक-पाऊणशतकच झालं आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तेल येण्याआधी चिखलात काय होतं याचा आधार शोधायचा तर मामाच्या पिढीला विचारावं लागेल, आणि भाचीला वहीत घालता येईल असा आकडा त्यांच्यापैकी कोणाकडे नाही. म्हणून दोघांनी शेवटी ठरवलं की आधी न्हाव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या ज्या ज्या खाजणांत मामाने किंवा त्याच्या ओळखीच्या कोळ्यांनी तेल पाहिलं नाही त्यांची यादी करायची, आणि तिथला चिखल तपासून ती यादी खरी आहे का ते पाहायचं. मामाच्या मते अशी चार ठिकाणं निघतील. भाचीला एक निघालं तरी पुरे आहे.